तीन राजीनामे आणि एक मत



निवडणूक आली की आपल्यात एका माणसाची फार थट्टा होते. ज्याचं मत अजून ठरलेलं नाही, असा माणूस. झेंडेवाले त्याला कुंपणावरचा म्हणतात. नाक्यावरची पोरं म्हणतात तळ्यात-मळ्यात. पुढारी तर त्याला विकाऊच समजतो. जो येतो तो त्याच्या खांद्यावर हात टाकतो, कटिंग पाजतो आणि कानात सांगतो, "विचार कसला करतोस? आपला माणूस हाय. मार शिक्का!"

मी आज या माणसाची बाजू घ्यायला उभा आहे. मी साचेखात्यातला माणूस, शाळा चौथीपर्यंत. मला मोठमोठे ग्रंथ ठाऊक नाहीत. पण कापड पारखायला ग्रंथ लागत नाहीत. आपण दुकानात कापड घेतो तेव्हा काय करतो? वरची छपाई बघून पैसे मोजत नाही. उलटं करून बघतो, मुठीत चुरगळून बघतो, उजेडात धरून ताणा-बाणा बघतो. त्याला वेळ लागतो. त्या वेळेबद्दल आपण त्याला मूर्ख म्हणत नाही, जाणता म्हणतो. मग जो उमेदवार पारखायला वेळ घेतो त्याचीच थट्टा का?

थट्टा करायची तर दुसऱ्या एकाची करा. जो पारखत तर नाहीच, पण ठरवतही नाही. शेवटच्या घटकेपर्यंत घुटमळतो आणि मग शेजारी बोट दाखवील तिथं शिक्का मारून घरी जातो. शंका येणं हा गुन्हा नाही. शंकेचा निकाल न लावणं हा गुन्हा आहे!

नुसत्या बोलण्यानं हे पटायचं नाही. म्हणून एक घडलेली निवडणूक घेतो. १९६९ सालची, राष्ट्रपतिपदाची. ती निवडणूक अशी होती, की तिच्यात मराठी माणसाचं काळीज एकीकडे ओढत होतं, कामगाराचं पोट दुसरीकडे, आणि पक्षाचा हुकूम तिसरीकडे. न ठरलेल्या मतदाराची खरी कसोटी तिथं लागली.

मत कुणाचं आणि वजन कुणाचं?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. राष्ट्रपतीला तुम्ही-आम्ही थेट मत देत नाही. मत देतात आमदार आणि खासदार. म्हंजे आपल्याला काही संबंध नाही का? आहे! आमदाराच्या मताला जे वजन येतं ते आपल्या डोक्यांवरून येतं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येनं भागायचं, पुन्हा हजारानं भागायचं. १९६१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाखांवर होती, आणि विधानसभेत जागा २७०. करा हिशोब. एका आमदाराच्या मताचं वजन आलं १४६. खासदाराच्या मताचं वजन त्या निवडणुकीत होतं ५७६.

म्हंजे त्या दिवशी महाराष्ट्राचा एक आमदार मतपत्रिकेवर आकडा टाकायला वाकला, तेव्हा त्याच्या पेन्सिलीमागे जवळजवळ दीड लाख माणसं उभी होती. गिरणीतला, शेतातला, गोदीतला, सगळा माणूस. मत त्याचं, वजन आपलं!

दुसरी गोष्ट. या मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, आकडे टाकायचे असतात. जो सगळ्यात पसंत त्याच्यासमोर १. त्याच्या खालोखाल जो पसंत त्याच्यासमोर २. हा दुसरा आकडा कशाला? गिरणीवाल्याला हे समजावून सांगायला नको. कायम कामगार आला नाही तर त्याचा साचा बदलीवाल्याला मिळतो की नाही? तसंच हे. तुमचा एक नंबरचा माणूस शर्यतीतून बाद झाला, तर तुमचं मत फुकट जात नाही. ते दोन नंबरवाल्याच्या खात्यात जातं. दुसरा आकडा म्हंजे मतपत्रिकेवरचा बदलीवाला.

पण बदली कामगाराला कुणी मोजत नाही, तसा हा दुसरा आकडाही कुणी मोजत नाही. १९६९ साली त्यानंच राष्ट्रपती ठरवला. ते पुढं सांगतो.

रिंगणात कोण कोण?

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलै महिन्यात बंगळूरला काँग्रेसची बैठक झाली. पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचं नाव सुचवलं. पक्षाच्या बड्या मंडळींनी, ज्यांना सारा देश 'सिंडिकेट' म्हणे, नाव पुढं केलं नीलम संजीव रेड्डी यांचं. रेड्डी तेव्हा लोकसभेचे सभापती होते. मोरारजी देसाई, स. का. पाटील, कामराज रेड्डींच्या बाजूनं पडले. आपले यशवंतराव चव्हाणही त्या बैठकीत रेड्डींच्याच बाजूनं गेले. रेड्डी पक्षाचे उमेदवार ठरले.

पाठोपाठ पंतप्रधानांनी मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला चौदा मोठ्या बँका सरकारच्या ताब्यात घेणारा वटहुकूम निघाला. त्यावर सही केली हंगामी राष्ट्रपती गिरी यांनी. दुसऱ्या दिवशी गिरींनी पद सोडलं आणि ते स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले.

तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. त्यांना उभं केलं जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी. आणखीही काही जण उभे होते, पण लढत या तिघांची.

आता समजा, तुम्हीच त्या दिवशी आमदार आहात. गिरणगावातून निवडून आलेले, आणि तेही काँग्रेसचे. १९६७ साली महाराष्ट्रात काँग्रेसचे २०३ आमदार आले होते, तेव्हा हे धरून चालायला हरकत नाही. पक्ष म्हणतो रेड्डी. पंतप्रधान डोळ्यांनी खुणावतात गिरी. आणि छातीत आवाज येतो देशमुख! मतदान गुप्त. आकडा कुठं टाकाल?

उलटं करून बघा!

उमेदवाराचं तोंड बघू नका, पाठ बघा. माणूस खुर्चीवर बसलेला असताना सगळेच सारखे दिसतात. त्यानं खुर्ची सोडली कधी, आणि कशासाठी, ते विचारा. भावांनो, हा योगायोग बघा, की या तिघांनीही आयुष्यात मोठी खुर्ची सोडलेली होती.

रेड्डींचा राजीनामा १९६४ सालचा. ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते. बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ताशेरे मारले आणि रेड्डी पायउतार झाले. हे चांगलंच केलं. कोर्टानं कान धरल्यावरही खुर्चीला चिकटून राहणारे आपण पुष्कळ पाहिले. रेड्डींच्या पदरात हे माप टाकलंच पाहिजे. पण हा राजीनामा कुणा दुसऱ्यासाठी नव्हता. डाग लागला म्हणून अंगरखा उतरवला, एवढंच.

देशमुखांचा राजीनामा १९५६ सालचा. तो आपल्याला तोंडपाठ आहे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून दिल्लीच्या ताब्यात ठेवायचा घाट घातला गेला. १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाले. मेले ते बहुतेक आपल्यासारखेच कष्टकरी. त्या गोळीबाराची चौकशीसुद्धा करायला सरकार तयार होईना. तेव्हा कुलाब्यातून निवडून गेलेला हा अर्थमंत्री लोकसभेत उभा राहिला आणि पंतप्रधान नेहरूंच्या तोंडावर सुनावून बाहेर पडला. १०५ हुतात्म्यांचं रक्त सांडलं तेव्हा दिल्लीत खुर्ची लाथाडणारा मराठी माणूस तो! हे ऋण फिटणारं नाही, आणि कुणी फेडायलाही नको म्हणू नये.

गिरींचा राजीनामा १९५४ सालचा. तो आपल्याला तोंडपाठ नाही, पण असायला पाहिजे. गिरी तेव्हा देशाचे कामगारमंत्री. बँकेतल्या नोकरांच्या पगाराचा तंटा श्रम अपील न्यायाधिकरणापुढे गेला होता. न्यायाधिकरणानं निवाडा दिला. सरकारनं त्या निवाड्यात काटछाट केली. नोकरांच्या ताटातला घास कमी केला. गिरींनी सही करून मान डोलावली नाही. कामगारांचा निवाडा कापता, तर कामगारमंत्री कशाला पाहिजे? त्यांनी मंत्रिपद सोडलं.

आणि आता जरा दम धरा, कारण खरी गाठ इथं आहे. १९५४ साली हा निवाडा कापला गेला तेव्हा देशाचं अर्थखातं कुणाकडे होतं? चिंतामणराव देशमुखांकडे! एकाच मंत्रिमंडळातली ही दोन माणसं. एकानं बँकेच्या कारकुनासाठी खुर्ची सोडली, तेव्हा दुसरा खुर्चीवर होता. दुसऱ्यानं दोन वर्षांनी मुंबईसाठी खुर्ची सोडली. दोघंही प्रामाणिक. दोघंही ताठ कण्याची. पण एकाचा कणा भाकरीसाठी ताठ झाला, एकाचा मातीसाठी.

चाळीतलं भांडण

माझा आजा साचेखात्यात होता. त्या ऑगस्टात त्यांच्या चाळीत दोन तट पडल्याचं तो सांगायचा. मत कुणालाच नव्हतं, तरी भांडण असं, की जणू मतपेटी जिन्याखाली ठेवलीय.

एक मामा होते, छपन्नच्या लढ्यात लाठी खाल्लेले. ते म्हणायचे, "आरं, देशमुखानं मुंबईसाठी मंत्रिपद फेकलं. आन् आज त्यालाच विसरायचं? माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं."

माझा आजा म्हणायचा, "मामा, मीठ खाल्लं हे कबूल. पण देशमुखाच्या मागं उभं कोन हाय ते बगा की. बँका सरकारनं घेतल्या म्हून ज्यांच्या पोटात दुखतंय, तेच हायत."

मामा म्हणायचे, "मागच्यांचं मागच्यांपाशी. मी मानूस बगतो."

आजा म्हणायचा, "मालक पन आमच्या खात्यात चांगला जॉबर पाठवतोच की, मामा. जॉबर चांगला म्हून मालक चांगला होतो व्हय?"

दोघांचंही खोटं नव्हतं. म्हणून तर हे भांडण महिनाभर चाललं. भावांनो, चाळीतली ही दोन म्हातारी माणसं म्हंजेच एका मतदाराच्या डोक्यातली दोन मतं. न ठरलेला मतदार म्हणतात तो हाच. तो विकाऊ नव्हता. त्याच्या डोक्यात दोन खरी माणसं भांडत होती.

पाठीशी कोण?

म्हणून दुसरा प्रश्न. उमेदवाराच्या पाठीशी कोण उभं आहे?

देशमुखांनी अर्थमंत्री असताना १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक होताना पाहिली, केली. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचा धंदा सरकारच्या ताब्यात घेतला तोही त्यांनीच. म्हंजे पैशाचा धंदा लोकांच्या हातात घेण्याची सुरुवात या माणसाच्या हातून झाली होती. आणि १९६९ साली त्यांना खांद्यावर घेणारे कोण? बँका सरकारनं घेऊ नयेत म्हणून ओरडणारे! स्वतंत्र पक्षाचेच रुस्तम कूपर बँकांच्या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. फेब्रुवारी १९७० मध्ये कोर्टानं तो कायदा रद्द केला आणि सरकारला नवा काढावा लागला. देशमुखांचं नाव पुढं आणि धोरण मागच्यांचं. छपाई एका गिरणीची, कापड दुसऱ्या गिरणीचं!

रेड्डींच्या पाठीशी सिंडिकेट. त्यात कोण? मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून जिवाचा आटापिटा केलेले स. का. पाटील. आणि बाजूला मोरारजी देसाई, ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात मुंबईत गोळ्या चालल्या. रेड्डी स्वतः आंध्र प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलुगू भावांना त्यांचं भाषिक राज्य मिळालं, त्याचा आम्हाला आनंदच आहे. त्याच दिवशी आमच्या गळ्यात द्वैभाषिक बांधलं गेलं, आणि १ मे १९६० पर्यंत आम्हाला लढावं लागलं. रेड्डींचा यात दोष नाही. पण ज्यांनी ते द्वैभाषिक बांधायला दोर वळला, ते १९६९ साली रेड्डींच्या मांडवात बसले होते, हे विसरायचं कसं?

गिरींच्या पाठीशी कोण? डावे पक्ष, द्रमुक, आणि शेवटी शेवटी पंतप्रधानांचा गट. गिरी स्वतः बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे पुढारी. रेल्वेमेन्स फेडरेशन उभी करणाऱ्यांतले. दोनदा आयटकचे अध्यक्ष. मालक आणि युनियन यांनी समोरासमोर बसून तंटा मिटवावा, सक्तीच्या लवादाच्या वरवंट्याखाली कामगाराला घालू नये, हे त्यांचं मत. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यानं ज्यांची मान आवळली त्या गिरणी कामगाराला या मताची किंमत सांगायला नको.

पण गिरींच्या मांडवातही सगळं सोवळं नव्हतं, तेही सांगतो. पंतप्रधानांनी मतदानाच्या तोंडावर सांगितलं, की सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. छान! पण रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सही कुणाची होती? पंतप्रधानांचीच! सही करताना विवेक झोपला होता का? आणि दुसऱ्या बाजूला संसदेत रेड्डींची बदनामी करणारी एक निनावी पत्रिका फिरली. पुढं गिरींच्या निवडीवर सुप्रीम कोर्टात खटला झाला तेव्हा तीच पत्रिका पुराव्यात आली. राष्ट्रपती असताना गिरी स्वतः साक्षीला उभे राहिले. १९७० साली कोर्टानं अर्ज फेटाळला. निवड टिकली. पण पत्रिका घाणेरडी होती ती होतीच. भावांनो, ज्या कागदावर कुणाचं नाव नाही तो कागद चुलीत घाला. आमची ही पुस्तिका आम्ही तोंड दाखवून, पैसे मागून विकतो. पटलं नाही तर आमची कॉलर धरा. निनावी कागदाची कॉलर कोण धरणार?

दुसरा आकडा कुठं?

आता तिसरा आणि शेवटचा प्रश्न. तो न ठरलेल्या माणसाला कुणी विचारतच नाही. तुझा माणूस पडला, तर तुझं मत जाणार कुठं?

काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले. कशासाठी? देशमुखांना पहिला आकडा देणार असाल तर द्या, पण दुसरा आकडा रेड्डींना द्या, म्हणून! आता याचा अर्थ लावा. देशमुख तिसरे येणार हे सगळे जाणून होते. म्हंजे देशमुखांच्या नावानं पडलेलं मत शेवटी जाऊन पोचणार कुठं? मोरारजी आणि स. का. पाटील यांच्या मांडवात!

ज्या गोळीबाराचा धिक्कार म्हणून देशमुखांनी खुर्ची लाथाडली, त्या गोळीबाराच्या काळातल्या सत्ताधाऱ्यांना देशमुखांच्याच नावाची मतं! हुतात्म्यांच्या ऋणाचे पैसे, आणि जमा सावकाराच्या खात्यात! मामा म्हणत होते, खाल्ल्या मिठाला जागा. पण हे मीठ कुणाच्या आमटीत पडणार, हे कुणी मामांना सांगितलं होतं का?

१६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झालं. २० तारखेला मोजणी झाली. पहिल्या आकड्यांची मोजणी अशी:

गिरी: ४,०१,५१५
रेड्डी: ३,१३,५४८
देशमुख: १,१२,७६९

निवडून यायला पाहिजे होती ४,१८,१६९. कुणालाच तेवढी नाहीत. गिरी पुढं, पण काठावर. मग देशमुख आणि बाकीचे उमेदवार बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरचे दुसरे आकडे वाचले गेले. रेड्डींच्या पदरात त्यातून पडली ९१,८७९. गिरींच्या पदरात १८,५६२. शेवटचा निकाल गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

आता हा हिशोब पाटीवर मांडा. त्या १८,५६२ मतांच्या मालकांनी पुढचा आकडा कोरा सोडला असता, तर गिरी राहिले असते ४,०१,५१५ वर आणि रेड्डी पोचले असते ४,०५,४२७ वर. राष्ट्रपती रेड्डी! खासदारांच्या वजनानं मोजलं तर ही जेमतेम बत्तीस माणसांची मतं. त्यांनी पहिला आकडा गिरींना दिला नव्हता. म्हंजे त्यांचं काळीज दुसरीकडे होतं. पण पुढचा आकडा टाकताना ती घुटमळली नाहीत. पुढाऱ्यांनी ठरवून दिलेला रस्ता त्यांनी धरला नाही. देशाचा राष्ट्रपती कुणी ठरवला? ज्यांची आपण थट्टा करतो त्यांनी! दोन मनांच्या माणसांनी! फक्त ती दोन्ही मनं त्यांनी कागदावर उतरवली, शेजाऱ्याच्या बोटाकडे बघितलं नाही.

म्हणून मी काय केलं असतं ते सांगतो. लपवाछपवी नको. मी कामगार. माझा १ गिरींना आणि २ देशमुखांना. पण छपन्नची लाठी खाल्लेल्या मामांच्या हातात ती पत्रिका असती आणि त्यांनी १ देशमुखांना दिला असता, तर मी त्यांचा हात धरला नसता. फक्त पाया पडून म्हणालो असतो, "मामा, ऋण फेडा. पण दुसरा आकडा कोरा सोडू नका, आन् मोरारजींच्या मांडवात तर टाकूच नका. २ गिरींना द्या. मातीचंही राहील, भाकरीचंही राहील." मतपत्रिकेवर दोघांना जागा होती! माती की भाकरी असा झगडा लावून देणारे पुढारी होते. कागदानं तो झगडा लावला नव्हता.

मत दिलं, म्हंजे संपलं का?

इथं थांबलो तर मी खोटा ठरेन. गिरी राष्ट्रपती झाले. २४ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांनी शपथ घेतली. कामगारांचा पुढारी राष्ट्रपती भवनात! चाळीत पेढे वाटले म्हणे. माझ्या आजानं मामांना पेढा नेऊन दिला आणि मामांनी तो खाल्ला.

मग आलं १९७४ साल. ८ मे रोजी देशभर रेल्वेचा संप झाला. पुढारी जॉर्ज फर्नांडिस, आणि संघटना तीच रेल्वेमेन्स फेडरेशन, जी उभी करण्यात गिरींचा हात होता. सरकारनं हजारो कामगार तुरुंगात टाकले, नोकरीवरून काढले, वसाहतींत पोलीस घातले. २७ मे रोजी संप मागं घ्यावा लागला. त्या वेळी राष्ट्रपती भवनात कोण होतं? गिरीच होते. ऑगस्ट १९७४ पर्यंत तेच होते. ज्या माणसानं १९५४ साली बँकेच्या कारकुनासाठी खुर्ची सोडली, त्याच माणसाच्या डोळ्यांदेखत रेल्वेचा कामगार चिरडला गेला. राष्ट्रपतीचे हात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं बांधलेले असतात, हे खरं. पण पाठीवरच्या वळाला ही सबब कळत नाही.

मग माझ्या आजाचं चुकलं का? मी म्हणतो, नाही. त्यानं पारखून घेतलं होतं. पण एक गोष्ट तो विसरला होता, आणि आपण विसरायची नाही. चांगलं कापड घेतलं तरी ते धुवावं लागतं, शिवावं लागतं, फाटलं तर ठिगळ लावावं लागतं. चांगला माणूस निवडला म्हणून युनियनला कुलूप लावून घरी झोपायचं नसतं. राष्ट्रपती कामगारांचा असला तरी खात्यातली कमिटी कामगारांचीच पाहिजे.

आणि रेड्डी? १९७७ साली तेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. बघा, काळ कुणाला कुठं बसवतो!

तेव्हा, भावांनो...

राष्ट्रपतीची निवडणूक आजही याच रीतीनं होते. आजही मत आमदार-खासदाराचं आणि वजन आपलं. १९७१ च्या शिरगणतीवरून महाराष्ट्राच्या आमदाराच्या एका मताचं वजन आता १७५ धरतात. त्या १७५ मध्ये तुमचं-माझं डोकं मोजलेलं आहे. म्हणून पुढच्या वेळी आमदार मत टाकायला निघाला, की नाक्यावर त्याला गाठा आणि तीन प्रश्न विचारा:

तुमच्या उमेदवारानं खुर्ची कधी सोडली, आणि कुणासाठी?

त्याच्या पाठीशी कोण उभं आहे?

आणि साहेब, तुमचा दुसरा आकडा कुठं?

तो म्हणाला, "पक्षाचा हुकूम आहे," तर सांगा, या मतदानाला हुकूम चालत नाही, मत गुप्त आहे. तो म्हणाला, "आपला माणूस आहे," तर विचारा, आपला म्हंजे भाषेनं की भाकरीनं, आणि दोन्हीनं असला तर उत्तमच. तो म्हणाला, "अजून ठरलं नाही," तर त्याची थट्टा करू नका. त्याला खाली बसवा, चहा पाजा आणि विचारा, "काय काय तोललं ते सांगा." सांगता आलं तर तो जाणता. सांगता आलं नाही तर तो भाव वाढवतोय, हे ओळखा.

आणि हेच तीन प्रश्न तुमच्या स्वतःच्या मताच्या वेळी, पंचायतीपासून लोकसभेपर्यंत, युनियनच्या निवडणुकीतसुद्धा, स्वतःला विचारा. शंका आली तर लाजू नका. शंका घेऊन झोपू मात्र नका. धागा तुटला की साचा थांबवतो, तुटला कुठं ते शोधतो, गाठ मारतो आणि पुन्हा साचा चालू करतो. तुटलेला तसाच चालवला तर सगळा तागा बाद होतो, आणि पगार आपलाच कापला जातो!

कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!